पिल्लं दाखवायला नेऊ नका

तुमच्या घरातून कुणी परगावी जायला निघतं, तेव्हा घरातल्या लहान मुलाला तुम्ही कुठे नेता?

संकोचू नका. आमच्या रत्नागिरीत या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. कुणी विहिरीतलं कासव दाखवायला नेतं, कुणी गोठ्यातलं वासरू. कुणी खाऊची पुडी हातात ठेवून मागच्या दाराने परसात नेतं. तेवढ्यात पुढच्या दाराने बाप ट्रंक उचलून निघतो. मुंबईला, आखातात, बोटीवर. पोर परत येतं तेव्हा ओटीवर बापाच्या चपला नसतात. सगळे एका सुरात सांगतात, बाजारात गेलेत, येतील हो एवढ्यात. आणि मग आपसात म्हणतात, बरं झालं, रडलं नाही.

माझ्या मुलीला त्या न रडण्याचा आजार झाला. ती त्यातून कशी उठली आणि उठत असताना तिला पुन्हा कुणी खाली ढकललं, ते मी लिहिते आहे. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्यासाठी लिहिते. ज्यांना राग येईल त्यांना तो खुशाल येऊ दे.

खुराडं

बकुळ तेव्हा नुकती चार वर्षांची झाली होती. माझा नवरा सदानंद मालवाहू बोटीवर फिटर आहे. एकदा गेला की वर्षभर तोंड दिसत नाही. आम्ही मांडवीच्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. आमच्या भिंतीला भिंत लागून जुबेदाभाभींचं घर. त्यांचा नवरा आणि दोन मुलगे आखातात. भाभींच्या परसात कोंबड्यांचं खुराडं आहे आणि आळीतले निम्मे बाप त्या खुराड्याच्या जोरावर पोरांना न रडवता निघून गेलेले आहेत. भाभींना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

गणपती पोचवून झाले आणि सदानंदची निघायची वेळ आली. दुपारची एस.टी. होती. मी आत त्याचा डबा बांधत होते. भाभींनी कुंपणावरून हाक घातली, "बकू, ये गो, पिल्लं बाहेर आलीत बघ." बकू धावत गेली. सदानंदने माझ्याकडे बघितलं, ट्रंक उचलली आणि तो गेला.

ती परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत एक पिवळं पिल्लू होतं. "बाबांना दाखवते," म्हणाली आणि ओटीवर गेली. तिथे चपला नव्हत्या. तिने पिल्लू अलगद खाली ठेवलं आणि भिंतीशी बसून राहिली. डोळ्यांत पाणी नाही, तोंडातून शब्द नाही.

भाभी म्हणाल्या, "शहाणी गो माझी बाय."

त्या दिवसापासून माझा पदर तिच्या मुठीत. मी मोरीत जाऊ दे, स्टोव्ह पेटवू दे, झोपू दे, पदर सुटायचा नाही. बालवाडीच्या बाईंशी ती बोलेनाशी झाली, मग भाभींशी, मग सगळ्यांशीच. माझ्याशी बोलायची तेही कानात. ताट समोर आलं की पोट धरायची. घास गेलाच तर उलटून पडायचा. झोपेत गादी ओली व्हायची. सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की कुणी लाडाने म्हटलं, "चल, गंमत दाखवतो," की ती थरथर कापायची. आम्हाला वाटायचं, पोर हट्टी झालंय.

अण्णांची पत्रकं

इथे माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णांचा बाजारपेठेत लहानसा छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, मनासाठी पत्रकं. अंगात येणाऱ्या बायका, हुंडा, विहिरीवरची अडवणूक, कुळांची पिळवणूक, कशाकशावर अण्णांनी पत्रकं काढली. मी वाचायला शिकले ती त्यांवरून. घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, स्टँडवर उभं राहून पत्रकं वाटायची, हे माझं लहानपण. लोक चुरगळून फेकायचे ते कागद गोळा करून मी मांडीवर सरळ करायची. "माणसाला खरं सांगा, तो ते पेलतो," हे अण्णांचं वाक्य. विषय कुठलाही असो, ते पत्रकात कुठेतरी यायचंच.

बकू खंगायला लागली तेव्हा शेजारणी दृष्ट काढायला सांगत होत्या, भगताचा पत्ता देत होत्या. अण्णा छत्री टेकून दारात उभे राहिले. म्हणाले, "माझ्या नातीला अंगारा लावायचा तर आधी माझ्या टकलाला लावा." बायका हसत परत गेल्या. मला त्या दिवशी त्यांचा केवढा अभिमान वाटला.

म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

निदान

शेवटी तिला सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, तपासण्यांचे कागद पाहिले. मग म्हणाले, "पोट ठणठणीत आहे. ही मुलगी घाबरलेली आहे."

मी विचारलं, "कशाला?"

"ते शोधावं लागेल."

पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं. गाठ नाही, क्षय नाही. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना मात्र घाबरले. गाठीवर शस्त्रक्रिया होते, क्षयावर सुया आहेत. भीतीवर काय आहे? तिचं औषध कुठल्या दुकानात मिळतं?

अंगातलं पाणी फार कमी झालं होतं म्हणून बकूला दाखल करून घेतलं. मुलांच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर कावीळ होती, विषमज्वर होता. बायका विचारायच्या, तुझ्या पोरीला काय झालंय? "घाबरते," असं सांगताना माझी जीभ अडखळायची. एकजण म्हणाली, "आमचीपण घाबरतात. एक फटका दिला की उठतात." तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण आजारपणात लाज हाही एक आजार असतो, हे मला तिथे कळलं.

सकाळी फरशी पुसली जायची, मग सुया उकळल्याचा वास यायचा आणि सगळी खोली एकदम गप्प व्हायची. त्या वॉर्डात दिवसभर खोटं बोललं जायचं. मुंगी चावेल एवढंच. औषध गोड आहे. आई इथेच बाहेर आहे. बकूला सुई द्यायची तर चौघं धरायची आणि मला बाहेर काढायची. दार बंद होताना ती माझ्याकडे जसं बघायची, तसं कुणी तुमच्याकडे बघू नये.

गोण्यांची खोली

डॉक्टरांनी आम्हाला कुंदाताईंकडे पाठवलं. मुंबईला मुलांच्या एका इस्पितळात खेळातून उपचार करायचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. लग्न होऊन इकडे आल्या. इस्पितळातली कापसाच्या गोण्या ठेवायची खोली त्यांना रिकामी करून दिली होती, तीही आठवड्यातले दोनच दिवस. आया आपसात हसायच्या, "एवढं बाईमाणूस पगार घेऊन बाहुल्या खेळतंय."

खरं सांगायचं तर मलाही वाटलं, हे काय? माझं मूल जेवत नाही आणि ह्या बाहुल्या काढून बसणार.

त्या खोलीत बाहुल्या होत्या, पत्र्याची बोट होती, भातुकली होती, रंगीत चेंडू होते. बकू उंबऱ्यावर थबकली. आत बघितलं आणि उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली.

कुंदाताईंनी ये म्हटलं नाही, चुचकारलं नाही. बाहेर येऊन आमच्याजवळ फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "आज आत जायचं नाही." मग मला विचारलं की घरातून शेवटचं कुणी गेलं तेव्हा ही कुठे होती. मी पिल्लांचं सांगितलं. सहज सांगितलं, आळीतली रीत म्हणून.

त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणी गंमत दाखवतंय, याचा अर्थ तिच्या मनात एकच आहे. कुणीतरी जातंय."

त्या खेळण्यांनी भरलेल्या खोलीत माझ्या मुलीला काय दिसलं असेल, ते मला तेव्हा दिसलं.

पुढच्या खेपेला त्यांनी खोली रिकामी केली होती. एक चटई, बस. मला बकूबरोबर आत बसवलं, दार उघडं ठेवलं. म्हणाल्या, "बकुळ, मी आता उठणार. दारापर्यंत जाणार. परत येऊन इथेच बसणार." उठल्या, गेल्या, आल्या, बसल्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. सबंध वेळ एवढंच. एक आया डोकावून म्हणाली, "ही नोकरी मला द्या. माझे पायतरी मोकळे होतील." कुंदाताई हसल्या आणि पुन्हा दाराकडे निघाल्या.

मग बकू दारापर्यंत जाऊन यायला लागली. मग मी. नियम एकच. मोठ्याने सांगून जायचं आणि सांगितलं तसं यायचं. "आई नळापर्यंत जाणार. आई येणार." नळावरून परत येताना मी धावत यायची. कुंदाताई म्हणाल्या, धावू नका, तुम्ही येणारच आहात हे तिला चालण्यातून कळू दे.

चिंचोका, सुपारी, करवंटी, नारळ

खेळणी मग एकेक करून आत आली. कुठलं आणायचं ते बकू ठरवायची. पहिल्यांदा तिने वाळू मागितली. लाकडी परातीत भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आली. मग बोट. मग बाहुल्या. बकू सगळ्या बाहुल्यांना वाळूत पालथं घालायची, त्यांच्या डोक्यावर फडकं टाकायची आणि बोट ओढत परातीबाहेर न्यायची. कितीतरी वेळा तेच. कुंदाताई काही शिकवायच्या नाहीत. जे दिसतंय तेवढंच बोलायच्या. "बाहुल्यांना दिसत नाहीये. बोट चालली आहे."

एके दिवशी बकूने एका बाहुलीच्या डोक्यावरचं फडकं काढलं. "हिने बघितलं," ती म्हणाली. मोठ्याने. माझ्या कानात नाही.

"हिने बघितलं," कुंदाताई म्हणाल्या. "मग हिला काय वाटतंय?"

"राग."

आणि तिने ती पत्र्याची बोट भिंतीवर भिरकावली.

मी तिला ओरडायला तोंड उघडलं होतं. कुंदाताईंनी हात वर करून मला थांबवलं. बकूला म्हणाल्या, बोटीचा फार राग आलाय. या खोलीत बोट फेकायला परवानगी आहे, माणसांना मारायला नाही. बकूने बोट फेकली, फेकली, अगदी पोचे पडेपर्यंत फेकली. त्या दुपारी ती वाटीभर पेज प्यायली आणि ती पोटात राहिली.

खिडकीच्या कठड्यावर कुंदाताईंनी चार वस्तू मांडून ठेवल्या होत्या. चिंचोका, सुपारी, करवंटी आणि अख्खा नारळ. आल्यावर विचारायच्या, आज भीती केवढी आहे? बकू बोटाने दाखवायची. सुरुवातीला दर खेपेला नारळ. मग करवंटी. सुपारी दाखवली त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडून घेतलं. जाण्यापूर्वी सांगितलं होतं, परतही आले.

आणखी एक गोष्ट त्यांनी बकूला सांगितली होती. या खोलीत सुई येणार नाही. डॉक्टर एकदा बघायला आले तेव्हा उंबऱ्यावर दोन्ही तळवे उघडून उभे राहिले. बकूने त्यांचे खिसेसुद्धा तपासले आणि मग आत घेतलं. डॉक्टर हसत होते. मलाही हसू आलं होतं. ते हसू मला अजून बोचतं.

सुई आली

कुंदाताईंचा येण्याचा दिवस नव्हता. मला अंघोळीला घरी जायचं होतं. मी बकूला शिकवल्याप्रमाणे सांगितलं. आई घरी जाणार, केस धुणार, जेवणाची घंटा व्हायच्या आत येणार. अण्णा तिच्याजवळ बसणार. तिने थोडा विचार करून पदर सोडला. आपण होऊन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी रस्त्याने हलकी होऊन चालले होते.

मी घंटेच्या आधी परत आले. खाट रिकामी होती. अण्णा खुर्चीवर बसले होते, चेहरा समाधानाचा. बकू खाटेखाली होती, भिंतीला चिकटून, तोंड कोपऱ्याकडे. कोपरावर कापसाचा बोळा चिकटवलेला.

झालं होतं ते असं. डॉक्टरांना रक्त तपासायला हवं होतं. चौघांनी धरायचं, किंचाळणं, हे सगळं टाळायचं होतं. कुणीतरी सुचवलं की पोर त्या खोलीत आनंदाने जाते ना, मग तिथेच घेऊ. अण्णांना विचारलं. अण्णा हो म्हणाले. तिचं बोट धरून म्हणाले, "चल बकू, खेळायला जाऊ." ती गेली. कठड्यावरची सुपारी दाखवून ती वाळूपाशी बसली. अण्णांनी तिला मांडीवर घेतलं, एक बाहुली पुढे धरली, म्हणाले, इकडे बघ गंमत. मागून डॉक्टर आले. तळवे उघडे नव्हते.

हे सगळं अण्णांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, कौतुकाने. शेवटी म्हणाले, "अजिबात रडली नाही गो. हूं की चूं नाही."

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"अण्णा, तुम्ही तिला फसवलंत."

"फसवलं काय? चौघांनी दाबून धरलेलं बघवत नव्हतं मला. चार वर्षांचं पोर ते, तिच्यासमोर काय ठराव मांडायचा होता?"

"माणसाला खरं सांगा, तो ते पेलतो. कुणाचं वाक्य आहे?"

ते चिडले. म्हणाले, "पत्रकं मोठ्या माणसांसाठी असतात, शालू."

एवढं बोलून ते छत्री शोधायला लागले. मी तिथेच उभी राहिले. लोकांच्या पायांखाली गेलेला, थुंकी लागलेला कागदसुद्धा पुसून मी सरळ करायची, तो कागद माझ्यासाठी नव्हताच तर.

आणि मग मला मांडवीचा धक्का आठवला. मी सात वर्षांची असताना आई आजारी होती. एका सकाळी अण्णांनी मला धक्क्यावर बोटी बघायला नेलं. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. खूप वेळ बोटी बघितल्या. घरी आलो तेव्हा आईचा पलंग उभा करून ठेवला होता. आई मामाकडे गेली आहे, असं मला सांगण्यात आलं. ती वारली आहे, हे मला शाळेत एका मुलीने सांगितलं, खडूची पूड हातावर मळत, अगदी सहज.

मी अण्णांना म्हटलं, "मलाही तुम्ही बोटी दाखवायला नेलं होतंत."

त्यांच्या हातात छत्री होती. ते जिना उतरून गेले.

खाटेखाली

बकूने पुन्हा माझ्याशीही बोलणं सोडलं. पदरही धरला नाही. हे जास्त वाईट होतं. पदर धरायला निदान माझ्यावर विश्वास तरी लागत होता. पेज पुन्हा उलटू लागली. सलाइनची बाटली पुन्हा टांगली गेली. डॉक्टरांनी आता तिला मुंबईला हलवायची भाषा सुरू केली.

कुंदाताई आल्या, त्यांना मी सगळं सांगितलं. त्या आधी डॉक्टरांकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, की रक्त घेणं भाग होतं आणि तुमचा खेळ म्हणजे काही देवघर नव्हे. मग त्या वॉर्डात आल्या, साडीचा काठ आवरला आणि सरळ खाटेखाली शिरल्या. आडव्या झाल्या. पायच तेवढे बाहेर. शेजारच्या खाटेवरची कावीळवाली मुलगी खुदकन हसली.

खालून त्यांचा आवाज आला. "बकुळ, मी सांगितलं होतं, त्या खोलीत सुई येणार नाही. सुई आली. तुझं काही चुकलं नाही. मोठ्यांनी तुला फसवलं. तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे."

एका मुलाला, मोठ्यांच्या देखत, मोठ्या माणसाने असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही ऐकलंय?

बराच वेळ काही झालं नाही. मग खाटेखालून रडणं सुरू झालं. आधी बारीक, मग मोठं, मग इतकं मोठं की सिस्टर धावत आली. ते त्या दिवसाचं रडणं नव्हतं. त्यात ओटीवरच्या चपला होत्या, पिल्लू होतं, सगळं होतं. सिस्टर तिला गप्प करायला वाकली. कुंदाताई खालूनच म्हणाल्या, "राहू दे. फार दिवसांचं आहे."

बकू त्या खोलीत मग कधीच गेली नाही. कुंदाताईंनी आग्रह केला नाही. चिंचोका, सुपारी, करवंटी, नारळ आणि वाळूची परात व्हरांड्यात आली. पुन्हा दारापासून सुरुवात. मी जाणार, मी येणार. पुन्हा दर खेपेला नारळ.

रुग्ण

अण्णा रोज संध्याकाळी यायचे आणि व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. बकू त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

एका संध्याकाळी ती औषधांच्या रिकाम्या बाटल्या मांडून डॉक्टर झाली होती. बाहुल्या तपासून झाल्या. मग तिने अण्णांकडे बोट दाखवलं. कुंदाताई म्हणाल्या, "डॉक्टरबाईंनी रुग्ण बोलावलाय."

अण्णा उठून आले. धोतर सावरून फरशीवर बसले. बकूने सुई म्हणून केर काढायच्या वाढवणीची काडी घेतली. ती आता त्यांना फसवेल असं मला वाटत होतं आणि खोटं कशाला बोलू, मला ते हवंही होतं.

तिने काडी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, नीट दिसेल अशी. "ही सुई आहे," म्हणाली. "दुखणार आहे."

अण्णांनी विचारलं, "फार?"

तिने विचार केला. "मुंगीपेक्षा जास्त. रडलात तरी चालेल. मी सांगेन तेव्हा टोचणार."

अण्णांनी सदऱ्याची बाही वर केली. हात पुढे केला. तिने "आता" म्हटलं आणि काडी टेकवली. अण्णा रडले. खेळातलं रडणं म्हणून सुरू केलं होतं बहुतेक. मग ते थांबेना. बकूने त्यांच्या कोपरावर कापूस लावला आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, अगदी सिस्टर धरते तसा.

मी अण्णांना माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. बकूने काय केलं ते बकूचं. पण घरी नेताना डॉक्टरांना पुन्हा रक्त हवं होतं, तेव्हा अण्णांनीच तिला ते आदल्या दिवशी सांगितलं. ती पुष्कळ रडली. मग स्वतःहून हात पुढे केला. कुणाला धरावं लागलं नाही.

एस.टी. स्टँड

पुढच्या वर्षी सदानंद सुट्टीवर आला. पत्रांतून मी त्याला सगळं लिहिलं होतंच. राग आला होता त्याला माझा. त्याने लिहिलं होतं की मला गुन्हेगार ठरवतेस. मुलगी समोर बघितल्यावर त्याने तो विषय काढला नाही.

त्याच्या निघायच्या दिवशी बकूला सकाळीच सांगितलं. बाबा दुपारच्या गाडीने जाणार. पुष्कळ दिवस येणार नाहीत. मग येणार. तिने ट्रंकेवर बैठक मारली आणि उठेना. तेवढ्यात कुंपणावरून हाक आली. भाभींची सवय, दुसरं काय.

"बकू, ये गो, पिल्लं बघायला."

बकूचा हात माझ्या हातात ताठ झाला. सदानंद कुंपणापाशी गेला. म्हणाला, "नको भाभी. मी चाललोय. ती मला सोडायला येतेय."

भाभी म्हणाल्या, "रडेल रे."

"रडू दे."

स्टँडवर मी तिला विचारलं, भीती केवढी? "नारळ," ती म्हणाली आणि बापाच्या गळ्याला मिठी मारून आकांत मांडला. सगळा स्टँड बघत होता. कंडक्टर म्हणाला, पोराला आधी घरी ठेवून यायचं नाही का? गाडी वळली तेव्हा सदानंद खिडकीतून हात हलवत होता आणि बकू त्याला बघत होती. शेवटपर्यंत बघत होती. घरी येईपर्यंत हुंदके थांबले नाहीत.

संध्याकाळी ती ओटीवर बसली. चपलांच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "आता करवंटी." मग पेज मागितली. मेतकूट घालून.

हा मजकूर अण्णांच्याच छापखान्यात जुळवला आहे. अक्षरांचे खिळे त्यांनी स्वतः लावले. एक ओळही गाळली नाही.

आता तुमच्याकडे मागणं एवढंच. पुढच्या वेळी तुमच्या घरातून कुणी निघेल, मुंबईला, आखातात, इस्पितळात किंवा कायमचं, तेव्हा पोराला परसात नेऊ नका. झोपलं असेल तर उठवा. दारात आणा. कोण चाललंय, कुठे चाललंय आणि कधी येणार हे त्याला सांगा. येणार नसेल तर तेही सांगा. ते रडेल. गाडी उभी असली तरी थांबा आणि त्याला पूर्ण रडू द्या.